तिच्या नावावर किती?

मूल सहा महिन्यांचं झालं की मध्यमवर्गीय घरात एक वजाबाकी मांडली जाते. सुनेचा पगार ४० हजार. त्यातून पाळणाघराचे १२, पोळ्यांच्या बाईचे ४, धुण्याभांड्यांचे ३, रिक्षा आणि लोकलच्या पासाचे ५, उशीर झाला की बाहेरून मागवाव्या लागणाऱ्या जेवणाचे ४, आणि ऑफिसचे कपडे, कुणाच्या निरोपसमारंभाची वर्गणी, चहा-नाश्ता असे किरकोळ २. उरले १० हजार. मग कुणीतरी, बहुधा प्रेमानेच, म्हणतं, ‘एवढ्यासाठी जिवाची ओढाताण कशाला? त्यापेक्षा घरीच राहा की.’ आकडे घरोघरी वेगळे, रीत तीच.

या वजाबाकीला सुशिक्षितांचं एक ठरलेलं उत्तर आहे. घरी बसलीस तर तुझं शिक्षण वाया जाईल, प्रत्येक रुपयासाठी हात पसरावा लागेल, देशाच्या उत्पादनात तुझी भर शून्य होईल. आणि एका पगारावर संसार करणं ही वडिलोपार्जित फ्लॅट असणाऱ्यांची चैन. असं म्हणणारे स्वतःला त्या वजाबाकीचे विरोधक समजतात. मला मात्र दोघांचाही हिशेब एकाच ठिकाणी चुकलेला दिसतो. घरात होणारं काम फुकट असतं, हे दोघंही धरून चालतात. एकाला ते फुकट मिळतं म्हणून हवं असतं, दुसऱ्याला ते फुकट आहे म्हणून हलकं वाटतं.

आधी वजाबाकीकडे पाहू. पाळणाघराचे पैसे सुनेच्याच पगारातून का वजा होतात? मूल सांभाळायला कुणी नसेल तर तिच्या नवऱ्यालाही सकाळी ८.१२ ची लोकल पकडता येणार नाही. म्हणजे तो खर्च त्याच्याही नोकरीचा खर्च आहे. नवऱ्याचा पगार ७० हजार असेल तर दोघांच्या १ लाख १० हजारांतून ३० हजार वजा करावेत. शेवटचं उत्तर बदलत नाही, हे मान्य. पण ‘तुझ्या नोकरीतून दहाच हजार सुटतात’ हे वाक्य मग कुणाला म्हणता येत नाही, आणि ते वाक्यच तर निर्णय घडवत असतं.

शिवाय या हिशेबात जे रुपये महिन्याच्या एक तारखेला हातात पडत नाहीत ते धरलेलेच नसतात. मूळ पगार २० हजार असेल तर तिचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के मिळून महिन्याला ४,८०० रुपये भविष्यनिर्वाह निधीत आणि पेन्शनमध्ये जातात. आठ वर्षांत ही नुसती भरलेली रक्कम ४ लाख ६० हजारांवर जाते, व्याज वेगळं. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो, तोही मध्येच सुटतो. दरसाल ७ टक्के पगारवाढ धरली तर ४० हजारांचा पगार आठ वर्षांत ६८ हजारांच्या पुढे गेलेला असतो. मूल चौथीत गेल्यावर पुन्हा अर्ज करणाऱ्या बाईला कुणी ६८ हजारांपासून बोलणी सुरू करू देत नाही. पाळणाघराची गरज मूल वाढेल तशी ओसरत जाते, नोकरीतल्या खंडाचा परिणाम मात्र निवृत्तीपर्यंत पुरतो. एका महिन्याचा हिशेब मांडून पंचवीस वर्षांचा निर्णय घ्यायचा, हे आपण दुकानाच्या बाबतीत कधी केलं नसतं.

तरीही एखादं जोडपं सगळं समजून, ठरवून, एकाने घरी राहायचं म्हणत असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. मुलाचं आजारपण, सासऱ्यांची फिजिओथेरपी, शाळेची अर्धी सुट्टी, घरी शिजणारं ताजं अन्न, यांचा फायदा खरा आहे आणि तो सगळ्या घराला मिळतो. माझा मुद्दा एवढाच की फायदा घराच्या खात्यात जमा होतो आणि त्याची किंमत एकटीच्या खात्यातून वळती होते.

आता दुसऱ्या पक्षाचं ‘भर शून्य’. हे शून्य आलं कुठून ते पाहण्यासारखं आहे. मुंबईचा डबेवाला अंधेरीहून डबा उचलून चर्चगेटला पोचवतो, त्याची मजुरी देशाच्या उत्पादनात धरली जाते. डब्यातली भाजी-पोळी पहाटे उठून जिने केली तिचं काम धरलं जात नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. आजही तिथल्या बहिणी भिजवलेलं पीठ घरी नेतात, घरीच लाटतात आणि पापड परत आणून देतात. तो पापड जीडीपीत येतो. त्याच पोळपाटावर, त्याच हातांनी, संध्याकाळी लाटलेली पोळी येत नाही. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारीसुद्धा मोजतात, कारण संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबपद्धतीत स्वतःसाठी पिकवलेली वस्तू उत्पादनात धरायची असते. त्या ज्वारीची भाकरी मात्र सेवेत जमा, म्हणून बाहेर.

यावर अर्थशास्त्री सांगतात की घरातल्या सेवेला बाजारभाव नसतो, अंदाजाने मोजणं अवघड असतं. मग स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याने स्वतःलाच भाडं दिलं असं मानून त्या भाड्याचा अंदाज जीडीपीत कसा काय बसतो? भारतातही तो बसवतात. चार भिंती महिन्याला किती रुपयांची सेवा देतात हे शेजारच्या भाड्यावरून काढता येतं, तर त्या भिंतींच्या आत दिवसभर राबणाऱ्या माणसाची सेवा पाळणाघराच्या आणि पोळ्यांच्या बाईच्या दरावरून काढायला काय हरकत आहे? केंब्रिजच्या पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात हा पेच मांडून ठेवला होता: घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी मालकाने लग्न केलं की काम तेवढंच राहून राष्ट्रीय उत्पन्न घटतं. शंभर वर्षं प्राध्यापक हे विनोद म्हणून सांगतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

मोजायला साधनं नाहीत असंही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं, पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं सुटली आणि पुरुषांचीही नऊ सुटली. ती मिक्सर आणि वॉशिंग मशिनने वाचवली असावीत, कारण एकाने दुसऱ्याचं काम उचलल्याची खूण या आकड्यांत तरी सापडत नाही. स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०२३ साली बायकांच्या या बिनपगारी कामाचा अंदाज केला: वर्षाला सुमारे २२.७ लाख कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास. हा आकडा कमी की जास्त यावर वाद घालावा. शून्य म्हणण्याची सोय मात्र आता उरलेली नाही.

इथे एक तिसरा आवाज येतो, आणि तो मला सगळ्यात अडचणीचा वाटतो. आईच्या मायेला पैशात मोजता का, ती अमूल्य आहे, असं म्हणणारा. सत्कारसमारंभात हे शोभतं. पण अमूल्य म्हटलेल्या गोष्टीचे पैसे कुणी देत नाही, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि आपल्याच देशातली न्यायालयं गेली पंचवीस वर्षं ही किंमत लावत आली आहेत. फक्त त्यासाठी ती बाई अपघातात मरावी लागते.

जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभाच्या मांडवाला आग लागली, त्यात प्रामुख्याने बायका आणि मुलं गेली. भरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाची किंमत वर्षाला १२ हजार धरली होती. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती फारच कमी ठरवली आणि ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिना ३ हजार धरायला सांगितलं. अरुणकुमार अग्रवाल खटल्यात अपघातात गेलेल्या गृहिणीसाठी न्यायाधिकरणाने भरपाईचा हिशेब सहा लाखांच्या घरात काढला आणि मग ‘ती प्रत्यक्षात कमावत नव्हती’ म्हणून तो निम्म्याहून खाली आणला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवून सहा लाख दिले. त्याच निकालात न्या. अशोककुमार गांगुली यांनी लक्षात आणून दिलं की २००१ च्या जनगणनेने घरकाम करणाऱ्या कोट्यवधी बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या जोडीला ‘अनुत्पादक’ या रकान्यात बसवलं होतं. २०२१ साली कीर्ती खटल्यात न्या. एन. व्ही. रमणा यांनी गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरणं ही तिच्या श्रमाची दखल असल्याचं लिहिलं. त्यांनी २०११ च्या जनगणनेचा आकडाही दिला: घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या बायका १५ कोटी ९८ लाखांवर, पुरुष ५७ लाख ९० हजारांच्या आसपास.

त्या ५७ लाखांतला एखादा पुरुष खरोखरच मूल सांभाळायला घरी राहिला असेल तर त्याच्या बाबतीतही हेच सगळं लागू आहे. वर त्याला चाळीच्या गॅलरीतले टोमणे.

म्हणजे गृहिणी मेली की तिच्या कामाला महिन्याचा दर असतो, वारसांना त्यावर व्याजही मिळतं. जिवंत असेपर्यंत तिच्या हातात काय असतं? घरखर्चाला दिलेल्या पैशातून काटकसर करून उरवलेलं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा डाळीच्या डब्यांतून आणि साड्यांच्या घड्यांतून हे पैसे बाहेर काढावे लागले, आणि कित्येक बायकांना आयुष्यभर झाकलेली शिल्लक नवऱ्यापुढे उघडी करावी लागली. बँकेत भरलेल्या अशा पैशावरून एका गृहिणीला आयकर खात्याने धरलं. २०२१ साली आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने, अडीच लाखांपर्यंतची ही रक्कम तिची बचत मानायला हवी, असा निकाल दिला. पै-पै साठवल्याचा पुरावा देण्यासाठी बाईला न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं.

‘ही चैन आहे’ या आरोपात थोडं तथ्य आहे. वरच्या वजाबाकीतले ४ हजार आणि ३ हजार हे दुसऱ्या बायकांचे पगार आहेत, आणि त्यांना घरी राहायचं की नाही हा पर्यायच नसतो. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करायला लावणारी तरतूद २०१७ साली आली, पण चार घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? तिचं तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं आणि त्या बहिणीची शाळा बुडते.

मात्र पगारदार वर्गात, जिथे पर्याय असतो, तिथेही तो बाळंतपणानंतर निवडला जातो हा भ्रम आहे. तो बहुतेक वेळा फ्लॅट बुक करतानाच संपलेला असतो. बँक दोघांचे पगार मिळवून कर्ज मंजूर करते, आपण मंजूर होईल तेवढं घेतो, आणि वीस वर्षं दोघांपैकी कुणालाच थांबता येत नाही. एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी या मायलेकींनी २००३ साली अमेरिकेतल्या कुटुंबांबद्दल हेच दाखवलं होतं: चांगल्या शाळांच्या वस्तीतल्या घरांसाठी दोन पगारांची कुटुंबं एकमेकांशी चढाओढ करत गेली, किमती वाढल्या, आणि दुसरा पगार जो अडीनडीचा आधार होता तोच हप्त्यात अडकला. बाणेर-वाकडला, ठाण्याच्या घोडबंदर रोडला वेगळं काही घडत नाही. ज्या जोडप्याला पुढे कधी एकाने घरी राहावंसं वाटतं त्याने हप्ता एका पगारात बसेल एवढंच घर घ्यावं. मग खोली एक कमी येईल. पण बायकोने नोकरी सोडली म्हणून ‘आता हात आखडता घ्यावा लागतो’ असं वर्षानुवर्षं तिला ऐकवायचं आणि एसयूव्हीचं बुकिंग मात्र नवऱ्याने परस्पर करायचं, ही काटकसर एकतर्फी आहे.

सरकारचा हिशेबही पाहा. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्याला कर लागत नाही. नवरा-बायको प्रत्येकी १२ लाख कमावत असतील तर घरात २४ लाख येऊन कर शून्य. शेजारच्या घरात एकटा नवरा २४ लाख कमावतो आणि बायको घर पाहते. त्याला ३ लाख कर आणि वर उपकर, मिळून ३ लाख १२ हजार. त्याने बायकोला पैसे दिले आणि तिने त्यांची ठेव केली तर व्याज पुन्हा त्याच्याच उत्पन्नात मिसळतात. करचुकवेगिरी रोखायला हा क्लबिंगचा नियम आला हे मला कळतं. पण त्याचा अर्थ असा होतो की बायकोला दिलेला पैसा तिने काही करून मिळवलेला असूच शकत नाही, हे कायद्याने गृहीत धरलं आहे.

यावर उपाय म्हणून पती-पत्नीचं एकत्र विवरणपत्र सुचवलं जातं. मला तो पटत नाही. जर्मनीत १९५८ पासून जोडप्याचं उत्पन्न मिळवून, अर्धं करून कर लावतात. त्यात कमी कमावणारी व्यक्ती, म्हणजे बहुधा बायको, कामावर परतली की तिच्या पहिल्या युरोपासूनच वरच्या दराची झळ बसते. सवलत नवऱ्याच्या पगारपत्रकावर दिसते आणि बायको घरातच राहते.

त्यापेक्षा गोव्याकडे बघावं. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक होते, प्रत्येकाची निम्मी, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून घर-जमीन विकता येत नाही. म्हणून आयकर कायद्यातही अशा जोडप्यांसाठी खास तरतूद आहे: धंद्याचं, भाड्याचं, व्याजाचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं विभागून दाखवायचं. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे, महाराष्ट्रात बांद्याला राहणाऱ्या दुकानदाराची बायको कायद्याला आश्रित दिसते, पलीकडच्या दुकानदाराची बायको निम्म्याची मालकीण. पगार मात्र या वाटणीतून वगळला आहे. तरी जे एका राज्यात इतकी वर्षं बिनबोभाट चालतं ते इतरत्र अव्यवहार्य आहे, असं कुणी सांगू नये.

स्त्रीवादी मैत्रिणी इथे मला थांबवतात. गृहिणीपणाचे पैसे दिले की बायका कायमच्या चुलीशी बांधल्या जातील, त्यांचं म्हणणं. ही भीती पोकळ नाही. पण घरकामाला दिवसाची २८९ मिनिटं देणारी बाई पैसे न मिळताच बांधलेली आहे. उलट जिच्या नावावर काही लाख आहेत ती कोर्स करू शकते, पाळणाघर लावून नोकरी शोधू शकते, वेळ आली तर बाहेरही पडू शकते. लाडकी बहीण योजनेचे १,५०० किंवा गोव्याच्या गृह आधार योजनेचे १,५०० रुपये यांना मी या कामाचा मोबदला म्हणणार नाही. ते उत्पन्नाची अट घालून सरकारने दिलेलं साहाय्य आहे, ज्याच्या घरात काम होतं त्याच्यावर त्यातून कसलंच देणं येत नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर जणांनी ते केलं ते लक्ष्मीमुक्त गाव. ना कायदा, ना अनुदान. तरी कर्जात बुडालेल्या माणसांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं. पगारदार मध्यमवर्ग मात्र स्त्रीच्या नावाने खरेदी केली की मुद्रांक शुल्कात १ टक्का सुटतो म्हणून तिचं नाव लावतो.

तेव्हा ज्या घरात एकाच्या घरी राहण्याचा निर्णय झाला आहे किंवा होऊ घातला आहे, त्या घरातल्या कमावत्याला माझी विनंती आहे. तुमच्या पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधीची जी रक्कम दिसते तेवढी दर महिन्याला तिच्या नावावरच्या पीपीएफ खात्यात भरा. वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात, आणि व्याज करमुक्त असल्यामुळे क्लबिंगचा काच बसत नाही. फ्लॅटच्या करारात तिचं नाव नावापुरतं न ठेवता हिस्सा स्पष्ट लिहा. आरोग्यविमा आणि मुदतविमा आपला उतरवता तसा तिचाही पाहा. गृहिणीला मुदतविमा देताना कंपनी नवऱ्याचं उत्पन्न विचारेल, तरी अर्ज करा. हे सगळं घरखर्चाच्या पैशांव्यतिरिक्त, आणि न मागता. आणि तुम्ही घरी राहणाऱ्या असाल तर राजीनामा देण्याच्या आधी हे खातं उघडून घ्या, नंतर नाही.